कच्च्या मातीचे हृदय

(सामान्य काळातील सहावा रविवार, १५ फेब्रुवारी २०२६)



आज दुसऱ्या मिस्सानंतर सॅक्रिस्टीबाहेरच्या लांब टेबलावर मातीची एकतीस हृदये मांडलेली दिसतील. ती विकायची नाहीत. चौथी ते सहावीच्या धर्मशिक्षण वर्गातील मुलांनी ती मागच्या शनिवारी हॉलमध्ये बनवली आणि ज्याची त्याने आज घरी न्यायची आहेत. काल व्हॅलेंटाइन डे होता. खरे तर कालच द्यायची होती, पण माती आमच्या सोयीने वाळत नाही.

ह्या उद्योगाविषयी तिघांनी आमच्याकडे नाराजी व्यक्त केली. एकाचे म्हणणे, बाजाराने आणलेला सण देवळात कशाला? दुसऱ्यांचे म्हणणे असे की राखेचा बुधवार तोंडावर आला असताना मुलांना पश्चात्ताप शिकवायचा की हृदये करायला बसवायचे? तिसऱ्या काकांना आम्ही माती गणपतीच्या कारखान्यातून आणली ह्याचे वाईट वाटले. त्यांना एवढेच सांगतो की शाडू माती तिथे चांगली मिळते म्हणून तिथून आणली. कारखान्याच्या मालकांनी पंचवीस किलोचे पैसे घेतले आणि मुलांसाठी म्हणून पाचेक किलो वर घातली. मूर्ती होण्याआधी ती मातीच असते, आणि उत्पत्तीच्या पुस्तकानुसार आपणही तिच्यापासूनच घडलो आहोत.

पहिल्या आक्षेपाबद्दल थोडे सविस्तर सांगायला हवे. संत व्हॅलेंटाइन हे भेटकार्डे विकणाऱ्यांनी शोधून काढलेले नाव नव्हे. तिसऱ्या शतकात रोममध्ये रक्तसाक्षी झालेल्या ह्या संताचे नाव ख्रिस्तसभेच्या रोमन हुतात्मा-सूचीत आजही १४ फेब्रुवारीलाच आहे. त्यांच्या जीवनाविषयी खात्रीने सांगता येईल असे फार थोडे आहे, म्हणून १९६९ साली उपासना दिनदर्शिकेची फेररचना झाली तेव्हा त्यांचा सण सार्वत्रिक दिनदर्शिकेतून कमी करण्यात आला. प्रेमी जनांशी त्यांचे नाते त्यांच्या मरणानंतर हजारएक वर्षांनी, चौदाव्या शतकात इंग्रज कवी चॉसर ह्याच्या काळापासून दिसू लागते. तरीही दिवंगत पोप फ्रान्सिस ह्यांनी २०१४ साली ह्याच तारखेला लग्न ठरलेल्या हजारो तरुण-तरुणींना संत पीटर चौकात बोलावले आणि संसारात तीन शब्द विसरू नका असे सांगितले. विनंतीचा एक, आभाराचा एक आणि माफीचा एक. पहिले दोन शब्द आम्ही मुलांकडून घोकून घेतले. तिसऱ्यापाशी आमचीच गाडी अडली. ते पुढे येईलच.

आता १४ फेब्रुवारीला उपासनेत कोणाचा सण असतो, हे किती जणांना ठाऊक आहे? संत सिरिल आणि संत मेथोडियस ह्यांचा. हे दोघे सख्खे भाऊ, थेस्सलनीका शहरातले. नवव्या शतकात, ८६३ च्या सुमारास, ते मोराविया देशात सुवार्तेसाठी गेले. तिथल्या स्लाव लोकांची भाषा लिहायला अक्षरे नव्हती, ती त्यांनी तयार केली आणि उपासना लोकांच्या भाषेत आणली. धाकटे सिरिल रोममध्ये ८६९ साली १४ फेब्रुवारीला वारले, म्हणून तो त्यांचा सण. मेथोडियस ह्यांच्या जुन्या चरित्रात असे आले आहे की मरणशय्येवरच्या धाकट्या भावाने थोरल्याला म्हटले, आपण एका जुवाला जुंपलेल्या दोन बैलांसारखे एकाच तासाने नांगरत आलो, आता मी पडलो, पण तू मठाच्या ओढीने हे शेत सोडून जाऊ नकोस. आपल्या वसईतल्या जुन्या शेतकऱ्याला हे चित्र समजावून सांगायला नको. एक बैल बसला की नांगर तिथेच थांबतो.

म्हणजे सारे जग ज्या दिवशी गुलाब विकत घेते, त्या दिवशी ख्रिस्तसभा दोन भावांची आठवण करते. हे आमच्याही लक्षात मातीत हात घातल्यावरच आले.

तर मागच्या शनिवारविषयी. आपल्या धर्मग्रामातील एक निवृत्त चित्रकला शिक्षिका आमच्या मदतीला आल्या, नव्हे, त्यांनीच सारे केले. आम्ही पाणी आणून दिले. माती कणकेसारखी मळून घ्यायची, हाताला चिकटायची थांबेपर्यंत. मग ओल्या गोणपाटावर लाटण्याने लाटायची, दोन बाजूंना बोटाच्या जाडीच्या दोन लाकडी पट्ट्या ठेवून, म्हणजे पोळी सगळीकडे सारखी होते. बाईंनी नाताळच्या बिस्किटांचा हृदयाच्या आकाराचा साचा आणला होता, पण दोनच मुलांना तो वापरावासा वाटला. बाकीच्यांनी आपापली हृदये हातानेच कापली, त्यामुळे काही पेरूसारखी, काही विड्याच्या पानासारखी झाली आहेत. दोरा ओवायला उदबत्तीच्या काडीने भोक पाडायचे, पण जरा मोठेच, कारण माती वाळताना आकसते आणि भोकही आकसते. खराट्याच्या काडीने नाव कोरायचे. मग सावलीत, वर्तमानपत्रावर, रोज पालथे करत वाळवायचे. उन्हात ठेवले की तडकलेच म्हणून समजा.

एका मुलीने हृदयावर क्रूस बसवला, भोवती काट्यांचे कडे केले आणि एका बाजूला नखाने चीर पाडली. बाई म्हणाल्या, अगं हे काय केलंस? ती म्हणाली, आमच्या घरी भिंतीवर असंच आहे. तिने पाहिले होते ते येशूच्या पवित्र हृदयाचे चित्र, जे आपल्यापैकी बहुतेकांच्या घरात दाराच्या समोरच लावलेले असते आणि ज्याच्याकडे आपण वर्षानुवर्षे नीट पाहिलेले नसते. त्या हृदयाला भाल्याची जखम आहे.

हा क्रूस बसवताना बाईंनी मुलांना एक गोष्ट शिकवली, ती आमच्या मनातून आठवडाभर गेली नाही. मातीचे दोन तुकडे गुळगुळीत असतील तर ते जोडले जात नाहीत. वरवर चिकटल्यासारखे दिसतात, वाळले की गळून पडतात. आधी काट्या-चमच्यातल्या काट्याने दोन्ही पृष्ठभाग ओरखडून घ्यायचे, मग मध्ये ताकासारखी पातळ माती लावायची आणि दाबायचे. एका मुलाने विचारले, एकच बाजू ओरखडली तर चालेल का? बाई म्हणाल्या, नाही, दोन्ही.

काट्यावरून आठवले. पोप फ्रान्सिस ह्यांनी ऑक्टोबर २०२४ मध्ये येशूच्या हृदयावर एक परिपत्रक काढले. इतक्या गंभीर विषयाच्या पत्रात ते मध्येच लिहितात की लहानपणी आई-आजीबरोबर घरची करंजीसारखी खाद्ये करताना तिच्या कडा काट्याने दाबून बंद केल्याची आठवण कोणत्याही संगणकाला होणार नाही. आपल्याकडे नाताळच्या आधी करंज्यांच्या ताटाभोवती बसलेल्या कोणालाही हे वाक्य कळेल. हात चिकट झाले की माणूस खरे बोलू लागतो, मुले तर नक्कीच. तसेच झाले.

आता जी गोष्ट सांगतो ती कोणाच्या घरची, हे कृपया शोधू नये. तपशील आम्ही फिरवले आहेत. मुलाच्या आईची परवानगी घेतली आहे. आणि शोधायलाच निघालात तर ह्या धर्मग्रामात अशी एकापेक्षा जास्त घरे निघतील, हे आम्हाला ठाऊक आहे आणि तुम्हालाही.

आम्ही मुलांना सांगितले होते की हृदयावर आई, बाबा, आजी, ज्यांना द्यायचे त्यांचे नाव कोरा. एक मुलगा काडी हातात घेऊन तसाच बसला होता. आम्ही जवळ गेलो तेव्हा त्याने हळूच विचारले, "फादर, न बोलणाऱ्या माणसाला दिलं तर चालतं का?"

आम्हाला वाटले घरात कोणी मुके असेल. "त्यांना बोलता येत नाही का रे?"

"येतं की. आमच्याशी बोलत नाहीत."

ते त्याचे काका. एकाच आवारात दोन घरे, मधे भिंत, भिंतीच्या त्या बाजूला विहीर राहिली. मुलगा दहा वर्षांचा, भिंत अकरा वर्षांची. काका त्याला देवळात दिसतात. ते उजव्या बाजूला बसतात, ह्याचे बाबा डाव्या बाजूला, आणि कम्युनियनला दोन वेगळ्या रांगांत उभे राहतात. दोन्ही रांगांत देणारे हात कधी कधी आमचेच असतात.

आम्ही काय उत्तर दिले ते सांगायला संकोच वाटतो. आम्ही म्हणालो, "आधी घरी विचार."

तो म्हणाला, "घरी विचारलं तर नको म्हणतील. म्हणून तुम्हाला विचारलं."

तेवढ्यात एका मुलीने मोठ्याने विचारले, "फादर, तुमचं कोणाला देणार?" कारण कसे करायचे ते दाखवताना आम्हीही एक हृदय केले होते. आम्ही क्षणाचाही विचार न करता म्हणालो, "येशूला." सगळे वर्ग खूश झाले. बाईसुद्धा हसल्या. तो मुलगा मात्र खाली मान घालून 'काका' कोरू लागला, आम्ही हो किंवा नाही म्हणायची वाट न पाहता.

आजच्या शुभवर्तमानाचा, मत्तयच्या पाचव्या अध्यायातला, एक लांब आणि एक आखूड असे दोन पाठ आहेत. धर्मगुरूने सोयीप्रमाणे निवडायचा असतो. तीन वर्षांपूर्वी, २०२३ मध्ये, आम्ही आखूड वाचला होता, ऊन वाढत होते म्हणून. आखूड पाठात एक परिच्छेद गळतो. तो हा की वेदीपाशी अर्पण घेऊन आलास आणि तिथे आठवले की तुझ्या भावाच्या मनात तुझ्याविषयी काही आहे, तर अर्पण तिथेच ठेव, आधी जा, समेट कर आणि मग ये. ह्या आठवड्यात तयारीला बसलो तेव्हा त्या चार ओळी आम्हाला कोणी थोबाडीत मारावी तशा लागल्या. "येशूला" असे उत्तर आम्ही दिले होते ना? तर येशू म्हणतो, मला नको, इथे ठेव आणि आधी त्याच्याकडे जा. आज तिन्ही मिस्सांना लांब पाठ वाचला जाईल.

त्या परिच्छेदातील दोन गोष्टींकडे लक्ष द्यावे. येशू हे गालीलात बोलतो आहे आणि वेदी एकच होती, यरुशलेमच्या मंदिरात. गालीलहून यरुशलेम म्हणजे पायी तीन-चार दिवस. कोकरू किंवा पारव्यांची जोडी घेऊन एवढी चाल करून वेदीपर्यंत पोहोचलेल्या माणसाला तो सांगतो की परत जा, भावाला भेट आणि पुन्हा चालत ये. ऐकणाऱ्यांनी एकमेकांकडे पाहिले असणार. आणि दुसरी गोष्ट, तो असे म्हणत नाही की तुझ्या मनात भावाविषयी काही असेल तर. तो म्हणतो, भावाच्या मनात तुझ्याविषयी काही असेल तर. चूक कोणाची, हे त्याने विचारलेच नाही. आम्ही सर्वजण आधी तेच विचारतो.

ह्यावर कोणी म्हणेल, फादरांना सातबारा कळत नाही. कळतो. विहिरीवर कोणाचा हक्क, मोजणीत बांध कुठे आला, हे कोर्ट ठरवील आणि ठरवावे. हक्क सोडा असे आम्ही म्हणत नाही. खटला चालू असतानाही माणसे एकमेकांच्या घरच्या मयताला खांदा देऊ शकतात, ते आम्ही ह्याच वसईत पाहिले आहे. आणखी एक गोष्ट स्पष्ट सांगतो. जिथे मारहाण होते, धमक्या मिळतात, तिथे परत जा आणि समेट कर असे आम्ही कोणत्याही बहिणीला सांगत नाही, आणि शुभवर्तमानाचा तसा अर्थ काढू देणार नाही. बोलणे तुटलेल्या भावंडांविषयी, जावांविषयी, शेजाऱ्यांविषयी आम्ही बोलत आहोत.

मुलाच्या हृदयाचे पुढे काय झाले ते ऐका. त्याने ते चांगले दोन बोटे जाड केले होते. का, तर काका मोठे आहेत म्हणून. मंगळवारी शाळेतून घरी जाताना तो हॉलमध्ये डोकावला तेव्हा हृदयाला तडा गेलेला. वरच्या खाचेतून निघून 'का' आणि 'का' ह्यांच्या मधून खाली. जाड मातीचे असेच होते. कडा आधी वाळतात आणि आकसतात, पोट ओलेच राहते, आणि ती ओढाताण खाचेपाशी फुटते. त्याने वाटीत ओली माती कालवून तडा बुजवला. गुरुवारी ती भर वाळून गळून पडली, कारण ओली माती वाळताना आकसते आणि आधीच वाळलेली माती तिच्याबरोबर आकसायला तयार नसते. वरून लिंपून काही झाले नाही. मुलगा रडवेला झाला.

बाईंनी त्याला सांगितले, "पाण्यात टाक."

त्याला ती शिक्षा वाटली असावी. पण त्याने बादलीत टाकले आणि आम्ही दोघेही बघत उभे राहिलो. आधी बुडबुडे आले. मग कडांचे पापुद्रे सुटले, मग 'काका' गेले, आणि अर्ध्या तासात बादलीच्या तळाशी मऊ चिखल. त्याच बादलीत एका मुलीने आपला बिघडलेला, अजून थोडा ओलसर असलेला तुकडा टाकला होता. तो तसाच दगडासारखा पडून होता, दुसऱ्या दिवशीही. आम्हाला हे उलटे वाटले. बाई म्हणाल्या, असेच असते. पूर्ण वाळलेली माती पाणी ओढून घेते आणि लगेच विरघळते. अर्धवट ओल्या मातीत पाणी आत शिरायला जागाच नसते, तिला विरघळवायची तर आधी पूर्ण वाळू द्यावी लागते.

सेमिनरीत आम्ही तत्त्वज्ञान शिकलो. अॅरिस्टॉटलचे कांसे आणि पुतळा झाले, न्यायदर्शनातील घट, माती आणि कुंभार झाले. दोन वर्षे घटाविषयी बोललो आणि एकदाही मातीला हात लावला नाही, हे आता हसण्यासारखे वाटते. त्यात अभावाचे प्रकार शिकवतात. घडा घडण्यापूर्वी त्याचा जो अभाव असतो त्याला सुरुवात नसते, पण घडा झाला की तो संपतो. घडा फुटल्यावर जो अभाव येतो त्याला सुरुवात असते, पण शेवट नसतो. परीक्षेत आम्हाला ह्यावर चांगले गुण मिळाले होते. भाऊ भावाशी बोलेनासा झाला की आपण सगळे हा दुसरा अभाव धरून चालतो: अमक्या साली सुरू झाला, संपणार कधीच नाही.

यिर्मया संदेष्ट्याच्या पुस्तकात अठरावा आणि एकोणिसावा अध्याय शेजारी शेजारी आहेत, आणि दोन्हींत कुंभाराचे भांडे आहे. अठराव्यात संदेष्टा कुंभाराच्या घरी जातो. चाकावरचे भांडे बिघडते आणि कुंभार त्याच मातीचे दुसरे भांडे करतो. एकोणिसाव्यात त्याच संदेष्ट्याला भाजलेला मातीचा चंबू विकत घेऊन वडीलधाऱ्यांसमोर, हिन्नोमच्या खोऱ्यात फोडायला सांगितले जाते, आणि तो पुन्हा जोडता येणार नाही असे बजावले जाते. माती तीच, मधे फक्त भट्टी आहे. भट्टीतून निघालेले खापर हजार वर्षे पाण्यात ठेवा, ते खापरच राहील. जमिनीत सापडणारी जुनी खापरे त्यामुळेच तर सापडतात.

आम्हाला मागच्या गुरुवारी त्या बादलीपाशी उभे असताना वाटले की आपण ह्या दोन अध्यायांच्या मधे कुठेतरी आहोत. आपण पुष्कळ वाळलो आहोत. तडे गेले आहेत. वरून लिंपायचे प्रयोगही झाले आहेत, लग्नात दुरून नमस्कार, नाताळला मुलांच्या हाती फराळाचे ताट आणि आपण फाटकाच्या आत. पण भाजले गेलेलो नाही. एवढ्या वर्षांचे कडक वाळलेपण पाण्याला अडवत नाही, हे आम्ही डोळ्यांनी पाहिले. अडवते ते अर्धवट ओलेपण, म्हणजे आमच्या मनात त्याच्याविषयी काही नाही बरे का, असे म्हणत अंतर राखणे. आम्ही स्वतः त्या प्रकारात मोडतो.

आमच्याबरोबर सेमिनरीत एक मित्र होता. पुढे आम्ही एकाच ठिकाणी काम केले. एका सभेत, लोकांच्या देखत, हिशोबाच्या एका गोष्टीवरून तो आम्हाला असे काही बोलला की आम्ही त्या दिवसापासून त्याच्याशी कामापुरतेच बोलायचे ठरवले. काम संपले, बोलणेही संपले. सात वर्षे झाली. धर्मगुरूंच्या मेळाव्यात हात मिळवतो, प्रकृती विचारतो. तो काय बोलला ते आम्हाला शब्द न् शब्द आठवते. त्याच्या मनात आमच्याविषयी काय असेल, हा विचार आम्ही ह्या आठवड्यापर्यंत केला नव्हता. तसा तो केला तेव्हा आठवले की सभेच्या आधी दोन दिवस त्याने आम्हाला तेच खासगीत सांगायचा प्रयत्न केला होता आणि आम्ही घाईत आहोत असे म्हणून त्याला वाटेला लावले होते.

पापनिवेदनात आम्ही राग सांगितला होता. ही घाई कधी सांगितली नव्हती.

मुलाच्या आईकडे परवानगीसाठी गेलो तेव्हा त्यांनी रात्रभर विचार केला. दुसऱ्या दिवशी निरोप आला: लिहा, पण कळता कामा नये. आणि शेवटी एक वाक्य होते, की मी त्या घरात साखर मागायलासुद्धा गेले नाही इतकी वर्षं, आधी रोज जायचे. त्या स्वतः काही करतील की नाही, आम्हाला माहीत नाही. मुलाच्या बाबांशी आम्ही अजून बोललेलो नाही. हे छापून आल्यावर बोलणे भाग आहे, हेही एक कारण आहे लिहिण्याचे.

मुलाने गुरुवारीच त्या चिखलातून दुसरे हृदय केले, ह्या वेळी पट्ट्या लावून, सारख्या जाडीचे. ते पहिल्यापेक्षा लहान आहे. कालपर्यंत मधे ओलसर होते, म्हणून टेबलावर न ठेवता सॅक्रिस्टीच्या खिडकीत पालथे ठेवले आहे. नाव मागच्या बाजूला कोरले आहे, त्यामुळे उलटे केल्याशिवाय कळत नाही. तो ते आज घरी नेणार की सरळ भिंतीला वळसा घालून पलीकडे जाणार, हे आम्ही त्याला विचारलेले नाही. त्याने जो प्रश्न विचारला होता त्याचे उत्तर मात्र काल दिले. "चालतं," असे म्हणालो. एक आठवडा उशीर झाला.

पालकांना सूचना. हृदये भाजलेली नाहीत, ती ओल्या हाताने धरू नयेत, भिंतीला लावायची तर जिथे गळती नाही तिथे लावावीत. रंग द्यायचा तर आणखी आठ दिवस थांबावे. एखादे फुटले तर मुलाला रागवू नये, तुकडे पाण्यात घालून पुन्हा करता येते. मागच्या वर्षीच्या झावळ्या ज्यांनी अजून दिल्या नसतील त्यांनी आजच द्याव्यात, बुधवारसाठी त्यांची राख करायची आहे. पापनिवेदनासाठी आम्ही गुरुवार आणि शुक्रवार संध्याकाळी साडेपाच ते साडेसात बसू.

आमचे हृदय टेबलावर दिसणार नाही. ते आम्ही कुरिअरने पाठवायचा विचार केला होता. स्टेशनजवळच्या दुकानात नेले, त्या मुलाने हातात घेऊन पाहिले आणि म्हणाला, "फादर, कच्ची माती आम्ही घेत नाही. पोचेपर्यंत भुगा होईल. हातानेच नेऊन द्या."

मंगळवारी सकाळची मिस्सा नेहमीप्रमाणे साडेसहाला होईल. त्यानंतर दिवसभर आम्ही धर्मग्रामात नसू. तातडीचे काम असल्यास सहायक धर्मगुरूंना भेटावे.